ठेवून खराब झालेली बॅग

प्रारंभीच क्षमा मागते. एकोणतीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले, म्हणजे जे लिहिले ते फळ्यावर लिहिले आणि तास संपल्यावर पुसून टाकले. पुसता येणार नाही असे काही लिहिण्याची सवय मला नाही. धाडस तर मुळीच नाही. वयाच्या बासष्टाव्या वर्षी लेखणी हाती घेणे, तेही एका माणसाचे चित्र रेखाटण्यासाठी, हे माझे मलाच आगाऊपणाचे वाटते. शिवाय ज्या बाईंविषयी लिहायचे आहे त्यांना माझ्याहून अधिक चांगले ओळखणारी माणसे पौडच्या बाजारात आजही आहेत. पण त्यांच्यापैकी कोणी लिहील असे दिसत नाही, आणि माझ्यावर त्या बाईंचे उपकार आहेत. तेव्हा अधिकार नसला तरी कारण आहे, एवढेच म्हणते.

नूरचाची पौडच्या बाजारात बॅगा दुरुस्त करीत. दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधल्या बोळावर पत्रा टाकून केलेली जागा. आत एक अवजड शिलाई मशीन, चाकांचा, मुठींचा आणि पट्ट्यांचा ढीग, आणि भिंतीवर रंगवार टांगलेल्या चेनांची माळ. दुकानासमोरच बावधनकडे जाणारी बस थांबे. माझी शाळा सुटे सव्वापाचला आणि बस येई तिच्या मर्जीने. त्या मधल्या वेळात उभे राहून पाय दुखतात, म्हणून चाचींनी एके दिवशी एक मोडकी ट्रंक माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बसा बाई. बस यायला आणखी दोन चेना हायेत."

त्या वेळ चेनांत मोजत. एका बॅगेची चेन बदलायला त्यांना जितका वेळ लागे तितके ते माप. पैसेही त्या चेनांतच मोजत. भाजीवाल्याने मेथीची जुडी महाग सांगितली, की "अर्धी चेन मागतुयास व्हय रे मेथीला?" असे त्या बोळातूनच ओरडत, आणि भाजीवाला भाव उतरवी. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर दोरा बांधलेला चष्मा, डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचलेला, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यावर सुईने पडलेले काळे घट्टे. त्यांचे यजमान टेम्पो चालवीत. मी चाचींना ओळखू लागले तेव्हा ते वारून तीन वर्षे झाली होती. मुलगा इरफान तेव्हा आयटीआयमध्ये शिकत होता.

बॅगा दुरुस्त करणाऱ्या माणसाला गावातल्या सगळ्या घरांच्या सुट्ट्या ठाऊक असतात, हे मला तेथे बसून कळले. मे महिन्याच्या आधी आणि दिवाळीच्या आधी बॅगांची रांग लागे. कोणाची बॅग कोठे चालली, किती दिवस, कोणाच्या पैशाने, हे चाची विचारीत नसत, बॅगच सांगे. शनिवारी मात्र वेगळ्या बॅगा येत. धरणाकाठच्या रिसॉर्टांवर उतरलेल्या पाहुण्यांच्या त्या चाके निसटलेल्या, चकचकीत बॅगा. त्या पाहुण्यांनी फोनवर बोलताना सांगितलेले खोलीचे भाडे ऐकून चाची सुई थांबवत. ते गेल्यावर म्हणत, "आपला गाव म्हंजी त्यांची सुट्टी. मग आपली सुट्टी कुटं हाय, बाई?"

हा प्रश्न त्यांच्यापुरता त्यांनी सोडवलेला होता. कसा, ते सांगते, कारण तोच माझ्या लेखाचा विषय आहे.

चाचींच्या मशीनखाली छत्रीच्या काळ्या कापडाची एक पिशवी असे. त्या पिशवीला चेन नव्हती, बटण नव्हते, नाडी नव्हती. चारही बाजूंनी शिवलेली, वर फक्त घडी केलेली नोट सरकेल एवढी फट. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी जी कमाई होई, ती सगळीच्या सगळी त्या फटीतून आत जाई. कमी झाली तर कमी, जास्त झाली तर जास्त. वर्षाला बारा दिवसांची कमाई. मेच्या सुरुवातीला त्या कात्रीने पिशवीची शिवण उसवीत आणि दुकानाला पुठ्ठा लावून सहा दिवस दापोलीच्या बाजूला समुद्राकाठी जात.

"बारा दिवसांची कमाई आणि सहाच दिवस का?" मी विचारले. गणिताच्या शिक्षिकेला ते खटकणे स्वाभाविक होते.

"बाई, तुमी शिकिवता काय मग पोरास्नी?" त्या हसल्या. "माजा सुट्टीचा दिस दोनदा खर्च व्हतो. एकदा तितं खायाप्यायाला. आन् एकदा हितं, दुकान बंद म्हणून. इरफानची फी, लाइटचं बिल, ते काय मी समुद्रावर हाय म्हणून थांबतंय व्हय? सहा तितं, सहा हितं. झालं बारा."

मी मनातल्या मनात आकडे मांडून पाहिले. तिसातला एक दिवस. एवढा नेमका नियम मी कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता. मग मी धीर करून विचारले, "पण ज्यांचा पगार सुट्टीतही चालू असतो, त्यांचे काय?"

"त्यास्नी बारा दिस!" चाची मशीनवर हात आपटून म्हणाल्या. "तुमाला तर बाई, बारा दिस मिळत्यात. आन् तुमी एक बी घेत न्हाई."

मी बसची वाट पाहू लागले.

नियमाची दुसरी बाजूही होती, आणि ती अधिक कडक होती. पिशवीतले पैसे उरवून आणायचे नाहीत. एका वर्षी परतताना काही नोटा उरल्या, तेव्हा चाचींनी खेडच्या स्थानकावर उतरून शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईंसकट सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातले होते. नातेवाइकांकडे जाणे ही सुट्टी नव्हे, हेही त्यांचे ठाम मत. "पाव्हण्यांकडं गेलं की तितं बी भाकऱ्या थापा. चूल बदलली म्हंजी सुट्टी झाली व्हय?" यजमान गेल्यावर त्या एकट्या समुद्रावर जाऊ लागल्या, तेव्हा बाजारात कुजबुज झाली. कोणी तोंडावरही बोलले. चाचींचे उत्तर तयार होते: "आमी दोघं जात व्हतो तवा समुद्रानं दोघांचं तिकीट मागितलं न्हवतं. आता बी एकटी म्हणून हाकलत न्हाई."

त्यांच्या या नियमाचा दरारा केवढा होता, याची एक गोष्ट सांगते. जवळच्या चांदे गावचे बबननाना म्हणून एक गृहस्थ होते. मोठे शेतकरी, हिंजवडीच्या बाजूने शहर वाढत आले तशी त्यांनी जमीन विकली होती. एका संध्याकाळी ते माणसाएवढी बॅग घेऊन दुकानी आले.

"चाची, हिचं चाक बग जरा. नवी हाय, तरी बी लंगडतीय."

"कुटं निगाला, नाना?"

"दुबई. समदी. अकरा जण."

चाचींनी चाक फिरवून पाहिले आणि सहज विचारावे तसे विचारले, "आता दिवसाला किती येतं, नाना?"

"येतंय कुठलं? जमीन इकली न्हवं का. आता यायचं न्हाई, खायाचं."

"आगं बया. मग नाना, तुमी दाराच्या बाहीर बी पडू नगा. शून्याला कशानं बी गुणलं तर काय येतं, ते ह्या बाईंना इचारा. गणिताच्या हायेत."

चार गिऱ्हाइके, चहावाला आणि नाना, सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला वर्गाबाहेर बोलायची सवय नाही. मी जमिनीकडे पाहत पुटपुटले, "शून्य." नाना लालबुंद झाले आणि लंगडती बॅग तशीच ओढीत निघून गेले. ते दुबईला गेलेच; सगळे अकरा जण गेले. पण पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी तेच नाना पुन्हा त्याच बोळात उभे राहिले. उरलेल्या पैशातून त्यांनी खोल्या बांधल्या होत्या आणि कंपन्यांतल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. त्यांनी दिवसाचे भाडे सांगितले आणि परीक्षेचा निकाल विचारावा तसे विचारले, "आता सांग. किती दिवस?"

"अकरा जण? मग अलिबाग. तीन दिवस."

"आन् दुबई?"

"दुबईला तुमच्या भाडेकरूस्नी जाऊ द्या, नाना."

नाना इतके हसले की शेजारचा चहावाला बाहेर आला. ते अलिबागला गेले. परत आल्यावर चाचींना सुक्या मासळीची पुडी देऊन गेले, हेही नोंदवले पाहिजे.

आता माझ्या घराविषयी थोडे सांगावे लागेल. मी ते टाळणार होते, पण त्यावाचून पुढचे कळणार नाही. आम्ही बावधनला सदनिका घेतली होती. माझे यजमान एका कारखान्यात तपासनीस होते. सरळ, निर्व्यसनी, काटकसरी गृहस्थ. आमची मुलगी अनघा. "कर्ज फिटू दे, मग जाऊ," हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले होते की ते वाक्य आहे हेच आम्ही विसरलो होतो. कर्ज फिटले; मग अनघाची दहावी आली, मग छताची गळती आली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मीही कधी आग्रह धरला नाही. अनघाच्या मैत्रिणी सुट्टीनंतर कोठे कोठे जाऊन आल्याचे सांगत, तेव्हा ती म्हणे, "आम्हाला प्रवास नाही आवडत." ती हे इतक्या सहजपणे म्हणे, की मला खरेच वाटे.

चाचींनी ते एका वाक्यात पकडले. मी त्यांच्या ट्रंकेवर बसू लागून दहा वर्षे झाली होती. एका मे महिन्यात, बॅगांच्या ढिगामागून त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरच्या बॅगा लई मजबूत हायेत."

"का हो?"

"दहा वर्सं झाली. एक चेन तुटली न्हाई."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता, पण डोळ्यांत नव्हता. त्या रात्री मी कपाटावरून माझ्या लग्नातली बॅग खाली काढली. मरून रंगाची, माझ्या वडिलांनी दिलेली. तीत लोकरी कपडे आणि जुनी प्रमाणपत्रे होती. चेन ओढली तर जागची हलेना. पितळेवर हिरवट थर चढला होता, आणि आतले अस्तर कपड्यांना चिकटून बसले होते. दुसऱ्या दिवशी मी ती चाचींपुढे ठेवली.

त्यांनी ती उलटीपालटी केली, तळाकडे पाहिले, चाके बोटाने फिरवली. चाकांवर एक ओरखडा नव्हता.

"बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माज्याकडं वापरून खराब झालेल्या बॅगा येत्यात. ही ठेवून खराब झालीया."

त्यांनी दोन दिवसांत चेन बदलली, अस्तर बदलले, मूठ आवळली. मी पैसे पुढे केले. त्यांनी घेतले, पण बॅग दिली नाही. काठीने ती वरच्या सर्वांत उंच खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "तारीक सांगा आन् बॅग न्या."

"कसली तारीख?"

"जायाची. बारा दिसांचा पगार काढा आन् तारीक सांगा. हितनं बॅग नेऊन परत कपाटावर ठिवायची आसंल, तर ती हितंच बरी. हितं निदान येणारी जाणारी माणसं तरी बगतीय."

अठरा महिने ती बॅग त्या खिळ्याला लटकत होती. कोणी विचारले, "चाची, ही कितीला इकनार?" तर त्या सांगत, "इकायची न्हाई. बाईंची हाय. तारखेसाठी थांबलीय." माझ्यासारख्या भिडस्त बाईचे काय होत असेल, याची कल्पना करावी. मी काही दिवस बसथांब्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून पाहिले. चाचींनी तेथूनही हाक मारली: "बाई, ट्रंक रिकामी हाय!" मी परत येऊन बसले. घरी मी दोनदा विषय काढला. यजमान म्हणाले, "अनघाची बारावी होऊ दे." हे म्हणणे चुकीचे म्हणता येत नव्हते. पण बारावीनंतर अनघा शिकायला बाहेरगावी जाणार होती, हे मला दिसत होते. तिच्या आमच्या घरातल्या सुट्ट्या आता मोजक्याच उरल्या होत्या, आणि त्या चेनांत मोजण्याइतक्या भराभर संपत होत्या. मी मात्र खिळ्याकडे पाही आणि बसमध्ये चढे.

अनघा बारावीला होती त्याच वर्षीच्या दिवाळीत चाचींच्या घरी एक मोठी गोष्ट घडली. इरफान आता हिंजवडीच्या एका कंपनीत विजेची कामे पाहत होता. त्याचे लग्न होऊन वर्ष झाले होते. त्याची बायको शबाना अबोल, चटपटीत मुलगी. संध्याकाळी कधी कधी दुकानी येऊन मुठी शिवायला मदत करी. इरफानने आई आणि बायको यांना विमानाने केरळला न्यायचे ठरवले. फोनवरून हप्त्यांनी पैसे भरण्याची सोय असते, तशी घेऊन. चाचींचा नियम त्याने मोडला होता, पण आईसाठी मोडला होता. चाचींनी थोडी कुरकुर केली, मग विमानाच्या तिकिटाची छापील प्रत पदरात ठेवून सगळ्या बाजाराला दाखवली. "पान्यावरचं घर हाय म्हणं, बाई. तितं झोपायचं."

परत आल्यावर दुकान दोन दिवस उघडले नाही. तिसऱ्या दिवशी उघडले, तेव्हा चाची मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन चालत नव्हते.

"कसे होते पाण्यावरचे घर?" मी विचारले.

"लई झ्याक." मग त्या सांगू लागल्या, माझ्याकडे न पाहता, हातातल्या चेनीच्या रनरशी खेळत.

पहिल्या दिवसापासून त्या मोजत राहिल्या होत्या. न मोजणे त्यांना जमलेच नाही. चहा आला की "दोन चेनांचा चहा." खोलीत शिरल्या की "एका रातीला शंभर चेना, शंभर!" नावेत बसल्या की इरफानला तिचे भाडे त्याच्या दिवसाच्या पगाराने भागून दाखवायच्या. इरफान आधी हसला, मग चिडला, मग गप्प झाला. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, कडक उन्हात, किनाऱ्यावर शहाळेवाला आला. इरफानने शबानाला विचारले, घेतेस का.

"आन् ती म्हणाली, नगं. मला तान न्हाई." चाची म्हणाल्या. "व्हट सुकलेलं व्हतं तिचं, बाई. सकाळपासून पान्याचा थेंब न्हवता. घरातनं निगताना म्हणत व्हती, अम्मी, तितं मी रोज एक शहाळं पिणार. आन् माज्या तोंडाकडं बगून म्हणाली, मला तान न्हाई."

त्यांनी हातातला रनर फळीवर ठेवला.

"माज्यामुळं पोरगी खोटं बोलली. माजा नेम माज्या पैशाचा व्हता, बाई. मी तो पोरांच्या नरड्यावर ठिवला."

मग त्या उठल्या. काठी घेतली, खिळ्यावरची मरून बॅग खाली काढली, पदराने अठरा महिन्यांची धूळ पुसली आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

"न्या बाई. मी कोण तारीक इचारणारी."

बस आली. मी बॅग घेऊन चढले. त्या संध्याकाळी रस्ताभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती केरळची नव्हती. घरी पोहोचून मी बॅग कपाटावर ठेवली नाही; दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवली. यजमान म्हणाले, "मिळाली वाटते." अनघा अभ्यासाच्या टेबलावरून वळून पाहू लागली.

"अनघा," मी विचारले, "तुला समुद्र आवडतो का गं?"

"आई, मला नाही आवडत प्रवास. तुला माहितेय ना." आणि ती पुन्हा वहीकडे वळली. तोच सहज स्वर. या वेळी मला तो खरा वाटला नाही.

ती झोपल्यावर मी यजमानांना शबानाची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे मी वर्गात बोलत आले, पण घरात एवढे सलग मी क्वचितच बोलले असेन. शेवटी मी म्हणाले, "आपल्या मुलीलाही तहान नाही." उठून त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली, पाने उलटली आणि विचारले, "बारावीचा शेवटचा पेपर कधी आहे?"

दुसऱ्या दिवशी मी बोळात शिरले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "चाची, तारीख सांगायची आहे." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिले. मी सांगितली. त्या रडल्या नाहीत, हसल्याही नाहीत; खडू घेऊन त्यांनी पत्र्यावर ती तारीख लिहिली. त्यांना अक्षरे फारशी येत नसत, आकडे मात्र सुरेख काढीत.

परीक्षा संपल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. यजमानांनी दोघांच्या पगारांचा विचार करून रक्कम ठरवली आणि "चाचींचा नियम आहे, तर तो पाळू" म्हणाले. चाची ज्या घरी उतरत त्याच घरी आम्ही उतरलो. त्या घरच्या बाईंनी मला चुलीपाशी येऊ दिले नाही. नूरचाचीने पाठवलेल्या बायकांना येथे स्वयंपाकघरात प्रवेश नाही, असे त्यांनी सांगितले. तिसऱ्या संध्याकाळी माझे यजमान विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, पैशांचे पाकीट उंच हातात धरून पाण्यात उतरले. एका लाटेने त्यांना पाकिटासकट बसवले. रात्री खिडकीत ओल्या नोटा शिंपल्यांखाली वाळत होत्या आणि ते त्यांच्याकडे पाहून स्वतःशीच हसत होते. मी त्यांना इतके मोकळे हसताना तोवर पाहिले नव्हते. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अनघा पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. मी जवळ गेले, तेव्हा माझ्याकडे न वळता म्हणाली, "आई, मला खूप आवडतो गं समुद्र."

परतल्यावर मी बॅग चाचींकडे नेली. वाळू चेनीत शिरून ती दोनदा अडकली होती. चाचींनी बॅग उलटी करून मशीनच्या फळीवर आपटली. वाळूचा लहानसा ढीग पडला. तो त्यांनी झाडला नाही. बोटाने एका बाजूला सारून ठेवला.

"आता कशी," त्या म्हणाल्या, "नीट खराब झाली."

अनघा आता दूरच्या शहरात नोकरी करते आणि वर्षातून आठ दिवस घरी येते. त्यांतले काही दिवस आम्ही तिघे कोठेतरी जातो. छत्रीच्या कापडाची एक शिवलेली पिशवी आमच्या घरीही आहे. तिची जबाबदारी यजमानांनी मागून घेतली आहे. सहा दिवसांसाठी दुकानाला पुठ्ठा लावताना चाचींची एक सवय होती. मी बसच्या खिडकीतून हाताने विचारी, किती? आणि त्या एका हाताची पाच बोटे आणि दुसऱ्याचा अंगठा वर करून दाखवीत. वर्षानुवर्षे हे चाले.

निवृत्त झाल्यावर माझे पौडला जाणे कमी झाले. गेल्या मे महिन्यात निवृत्तिवेतनाच्या एका कागदासाठी जावे लागले. बसमधून उतरले तर दुकानाला पुठ्ठा लावलेला. रस्त्यापलीकडे, रसवंतीच्या सावलीत, एक भाड्याची गाडी उभी होती. इरफान टपावर बॅगा बांधत होता. पुढच्या आसनावर, पदर कानामागे खोचून, चाची. मांडीवर ती काळी पिशवी, शिवण शाबूत. मागे शबाना आणि तिच्या मांडीवर लहान मुलगी.

मी पाहत असतानाच चाची मागे वळल्या. त्यांनी पिशवी उचलून शबानाच्या हातात दिली, आणि पिशवीवर कात्री ठेवली. शबाना संकोचून काहीतरी म्हणाली. चाचींनी मान हलवली आणि दोन्ही हात उशीखाली घालावे तसे पदराखाली घेतले. मग रसवंतीवाल्याकडे वळून त्यांचा तो बाजारभर ऐकू जाणारा आवाज आला: "आरं, सुनंला मोठा गिलास दे. आन् रिकामा झाला की न इचारता आनखी एक."

गाडी सुरू झाली तेव्हा त्यांना मी दिसले. मी सवयीने हात वर करून विचारले, किती? चाची खिडकीतून हसल्या. त्यांनी हात बाहेर काढला, बोटे वर केली नाहीत. नुसता पंजा हवेत उलटासुलटा फिरवला, कोणास ठाऊक, असे म्हणताना फिरवतात तसा. गाडी ताम्हिणीच्या दिशेने वळली. मी तो हात दिसेनासा होईपर्यंत उभी होते.

एवढेच मला सांगायचे होते. लांबले असेल तर क्षमा असावी. जाता जाता एकच विचारते: तुमच्या कपाटावरची बॅग शेवटची खाली कधी उतरली होती?